वीज आली, सर्व्हर उठला, पण रेप्लिका जोडली जात नाही : मायएसक्यूएलच्या दूरच्या प्रतीचं समस्या निवारण

मुख्य डेटाबेस ऑफिसातल्याच एका सर्व्हरवर, मायएसक्यूएल ८.० किंवा ८.४. त्याची सतत अद्ययावत होणारी प्रत दुसऱ्या शहरात, भाड्याच्या क्लाउड मशीनवर. दोघांच्या मध्ये वायरगार्डचं टनेल, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी कूटबद्ध खासगी वाट. तालुक्याच्या गावातली पतसंस्था, पॅथॉलॉजी लॅब, दूध संस्था, छोटी शाळा अशा ठिकाणी मला हीच मांडणी सगळ्यात जास्त दिसते आणि बिघाडही बहुतेक वेळा हाच असतो. पावसाळ्यात तर हमखास. संध्याकाळी वीज जाते, यूपीएस तग धरत नाही, सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो. ऑफिसचं काम दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं चालू राहतं, म्हणून दूरची प्रत कालच थांबली आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. ते कळतं प्रत्यक्ष गरज पडते तेव्हा, आणि मी हे लिहिते आहे ते तेवढ्यासाठीच.

या पोस्टमध्ये मुख्य सर्व्हरला सोर्स आणि दूरच्या प्रतीला रेप्लिका म्हणते. जुन्या आवृत्त्यांमध्ये यांनाच मास्टर आणि स्लेव्ह म्हणत.

लक्षणं

रेप्लिकेवर ‘शो रेप्लिका स्टेटस’ विचारल्यावर यांपैकी काही दिसत असेल, तर पुढचं वाचा.

– ‘रेप्लिका आयओ रनिंग’समोर येसऐवजी कनेक्टिंग, पण ‘रेप्लिका एसक्यूएल रनिंग’समोर येस.
– ‘लास्ट आयओ एरर’मध्ये २००३ (सोर्सपर्यंत पोचताच येत नाही), १०४५ (प्रवेश नाकारला), २०६१ किंवा १२३६ यांपैकी एखादा क्रमांक. शेवटच्या दोघांबद्दल पुढे सविस्तर.
– पासवर्ड बरोबर आहे का हे बघायला कुणीतरी हाताने लॉगिन करतं आणि थोड्या वेळात रेप्लिकेशन आपोआप चालू होतं. पुढच्या रीस्टार्टला पुन्हा बंद.
– टनेल चालू दिसतं, पिंग जातं, पण जोडणी मध्येच अडकून राहते.
– ‘सेकंड्स बिहाइंड सोर्स’ शून्य दाखवतं, तरी कालची शेवटची पावती रेप्लिकेवर नाही.

तिसरं लक्षण सगळ्यात बोलकं आहे. ते तुमच्याकडे घडलं असेल तर पहिल्या दोन-तीन तपासण्या पटकन उरकून थेट लॉगिनच्या भागाकडे जा.

आधी कुठला धागा तुटलाय ते बघा

रेप्लिकेवर दोन कामं वेगवेगळी चालतात. आयओ थ्रेड सोर्सच्या बायनरी लॉगमधून बदलांची नोंद ओढून आणतो आणि रेप्लिकेवरच्या रिले लॉगमध्ये ठेवतो. एसक्यूएल थ्रेड त्या नोंदी वाचून टेबलांमध्ये लागू करतो. आयओ अडला असेल तर दोष वाटेत किंवा दारात आहे: वीज, घड्याळ, टनेल, फायरवॉल, लॉगिन, सर्टिफिकेट. एसक्यूएल अडला असेल तर दोष डेटामध्ये आहे आणि तिथे घाईने हात घालायचा नाही. या एका ओळीवरून निम्मा गोंधळ संपतो, आणि ती बघायला काहीच खर्च नाही. स्टेटसचं पूर्ण उत्तर एका फाइलमध्ये जपून ठेवा. नंतर कुणाला बोलवावं लागलं तर त्याला पहिल्यांदा हेच लागेल.

‘सेकंड्स बिहाइंड सोर्स’ या आकड्यावर मात्र विसंबू नका. आणलेल्या नोंदी आणि लागू केलेल्या नोंदी यांच्यातलं अंतर तो सांगतो. नोंदी सोर्सवरून आल्याच नसतील, तर लागू करायला काही उरलेलं नसतं आणि आकडा छान दिसतो. त्यापेक्षा सोर्सवर एक छोटं टेबल करा, त्यात दर मिनिटाला चालू वेळ लिहिणारा इव्हेंट लावा आणि रेप्लिकेवर ती वेळ किती जुनी आहे ते तपासा. दहा मिनिटांपेक्षा जुनी झाली की मोबाइलवर संदेश. दहा ओळींची स्क्रिप्ट पुरते.

घड्याळ आणि डिस्क

दोन्ही मशीनवर तारीख-वेळ बघा. ऑफिसातला सर्व्हर जुना असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असू शकतो. मग वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. वायरगार्ड प्रत्येक हँडशेकमध्ये, म्हणजे दोन टोकं एकमेकांची ओळख पटवतात तेव्हा, वेळेचा शिक्का पाठवतो आणि समोरचं टोक आधी पाहिलेल्या शिक्क्यापेक्षा जुना शिक्का स्वीकारत नाही. पकडून ठेवलेलं जुनं पॅकेट कुणी पुन्हा पाठवू नये म्हणून ही सोय आहे. त्यामुळे घड्याळ मागे गेलं की टनेल मुकाट्याने बंद. त्यातून एनटीपीची (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची) विनंतीही टनेलमधूनच जात असेल तर घड्याळासाठी टनेल अडलेलं आणि टनेलसाठी घड्याळ अडलेलं, अशी गाठ बसते. सेल बदला, एनटीपी टनेलच्या बाहेरून जाऊ द्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळ-सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी घड्याळ जुळतं ठेवायला सांगितलेलं आहे, तेव्हा ते काम त्याच वेळी करून टाका.

डिस्क दोन्हीकडे बघा. रेप्लिकेची डिस्क भरली तर मायएसक्यूएल लगेच मरत नाही, जागा रिकामी होण्याची वाट बघत बसतो. म्हणून वरवर सगळं जिवंत वाटतं. जागा करताना एक पथ्य पाळा: बायनरी लॉग किंवा रिले लॉगच्या फायली हाताने उडवू नका. सोर्सचे जुने लॉग काढायचेच असतील तर ‘पर्ज बायनरी लॉग्ज’ ही आज्ञा आहे, आणि तीसुद्धा रेप्लिका कुठवर पोचली आहे हे बघून मगच.

टनेल

टनेल हाताने चालू केलं होतं की सेवा म्हणून कायमचं लावलं होतं, हे आधी तपासा. हाताने चालू केलेलं टनेल रीस्टार्टनंतर उठत नाही. साधी गोष्ट आहे, पण निघते बऱ्याचदा.

मग ‘डब्ल्यूजी शो’ चालवून शेवटचा हँडशेक कधीचा आहे ते बघा. वाहतूक चालू असेल तर तो दोन-तीन मिनिटांच्या आतला असतो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. मायएसक्यूएलमध्ये सोर्स डेटा ढकलत नाही, रेप्लिका सोर्सकडे येऊन तो ओढून नेते. म्हणजे क्लाउडवरच्या मशीनला ऑफिसच्या राउटरच्या आत यावं लागतं. आजकाल बहुतेक ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, त्यामुळे बाहेरून आत येण्याची वाट नसते. आतल्याने आधी बाहेर जाऊन ती उघडी ठेवावी लागते. म्हणून ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ ही सेटिंग ऑफिसच्या टोकाला हवी, साधारण २५ सेकंदांची. अनेक जण ती क्लाउडच्या टोकाला लावतात. दिवसभर वाहतूक चालू असते तोवर त्याने काही बिघडत नाही, पण राउटर रीस्टार्ट झाला की वाट मिटते आणि ती पुन्हा उघडायला आतून कुणी हाकच मारत नाही.

ही मांडणी बरोबर असेल तर राउटरवर मायएसक्यूएलचा ३३०६ पोर्ट बाहेरच्या जगासाठी उघडण्याची काहीच गरज नाही. तो उघडा दिसला तर आधी बंद करा, बाकीचं मागाहून.

पिंग जातं पण जोडणी अडकते, याचं कारण बहुतेकदा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा बाइटमधला कमाल आकार. वायरगार्ड सहसा १४२० धरतो, कारण १५०० मधून ८० त्याच्या वेष्टणाला जातात. पण फायबरची जोडणी पीपीपीओईवर (राउटरमध्ये यूजरनेम-पासवर्ड घालून चालणारी) असेल तर मुळात १४९२ च मिळतात. मग छोटी पॅकेटं जातात आणि सर्टिफिकेटसारखं मोठं काही आलं की गिळलं जातं. दोन्ही टोकांना एमटीयू १४१२ करून बघा, नाही जमलं तर १३८०. एका ओळीचा बदल आहे.

सर्व्हर उठला, पण मायएसक्यूएल उठला का?

सुरक्षेसाठी ‘बाइंड अ‍ॅड्रेस’मध्ये (मायएसक्यूएलने कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ती सेटिंग) टनेलचा अंतर्गत पत्ता दिलेला असेल तर रीस्टार्टच्या वेळी शर्यत लागते. टनेल उभं राहण्याआधी मायएसक्यूएल सुरू व्हायला गेला, तर तो पत्ता अजून अस्तित्वातच नसतो आणि मायएसक्यूएल लॉगमध्ये त्रुटीचा संदेश लिहून बंद पडतो. कधी दुसऱ्या प्रयत्नात उठतो, कधी नाही. म्हणून हा बिघाड एकदा दिसतो, एकदा दिसत नाही. सिस्टमडीमध्ये (लिनक्सवर सेवा सुरू करणारी व्यवस्था) मायएसक्यूएलच्या सेवेला ‘आफ्टर’ आणि ‘वॉन्ट्स’ लावून टनेलची सेवा आधी सुरू व्हायला सांगा. पत्ता शून्यांचा करून सगळीकडून ऐकायला लावणं हा सोपा उपाय खूप ठिकाणी केलेला दिसतो. मला तो मान्य नाही. त्याने दार मोठं होतं आणि भरवसा एकट्या फायरवॉलवर उरतो.

लॉगिन : खरा चोर इथे सापडतो

आता २०६१. संदेशाचा आशय असा असतो की ‘कॅशिंग शा-२ पासवर्ड’ या पासवर्ड तपासणाऱ्या प्लगिनला सुरक्षित जोडणी हवी आहे. मायएसक्यूएल ८ मध्ये नव्या खात्यांना हाच प्लगिन मिळतो. (मायएसक्यूएलमधूनच फुटलेल्या मारियाडीबीमध्ये तसं नाही, त्यामुळे तिथे हा भाग सोडून द्या.)

या प्लगिनची पद्धत अशी. खातं पहिल्यांदा जोडलं जातं तेव्हा पूर्ण ओळखपरेड होते आणि त्यासाठी जोडणी कूटबद्ध असावी लागते. ती एकदा यशस्वी झाली की सर्व्हर त्या खात्याची खूण मेमरीत ठेवतो आणि पुढच्या वेळी झटपट आत सोडतो, मग जोडणी साधी असली तरी चालते. सोसायटीच्या वॉचमनचं असतं तसंच: ओळखीच्या चेहऱ्याला तो वही पुढे करत नाही, पण वॉचमन बदलला की पुन्हा नाव, फ्लॅट नंबर, सही. इथे वॉचमन बदलतो सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर, कारण ती खूण फक्त मेमरीत असते.

आता घटनांचा क्रम लावून बघा. मांडणी करणारा माणूस रेप्लिकेवरून खातं चालतंय का हे बघायला मायएसक्यूएलच्या साध्या क्लायंटने लॉगिन करतो. तो क्लायंट शक्य असेल तिथे स्वतःहून टीएलएस, म्हणजे कूटबद्ध जोडणी, वापरतो. ओळखपरेड होते, खूण मेमरीत बसते. मग तो रेप्लिकेशन सुरू करतो. रेप्लिकेशनच्या जोडणीत टीएलएस सांगितल्याशिवाय चालू होत नाही, ‘सोर्स एसएसएल’ मुळात शून्य असतं. पण खूण आधीच बसलेली असल्यामुळे साध्या जोडणीलाही प्रवेश मिळतो. सगळं चालतंय म्हणून माणूस निघून जातो. काही आठवड्यांनी वीज जाते, मेमरी पुसली जाते, रेप्लिका साध्या जोडणीने येते आणि दारातच अडते. कुणी पासवर्ड तपासायला हाताने लॉगिन करतं की खूण पुन्हा बसते आणि रेप्लिकेशन ‘आपोआप’ चालू होतं.

‘पण आमची जोडणी तर टनेलमधून जाते, मग ती सुरक्षितच नाही का?’ हा प्रश्न दर वेळी येतो. वाटेत ती सुरक्षित आहे, पण मायएसक्यूएलला टनेल दिसत नाही. त्याला दिसते ती एक साधी टीसीपी जोडणी.

खात्री करून घ्यायला वीज जाण्याची वाट बघू नका. सोर्सवर ‘फ्लश प्रिव्हिलेजेस’ चालवा, त्यानेही ती खूण पुसली जाते. मग रेप्लिकेवर फक्त आयओ थ्रेड थांबवून पुन्हा सुरू करा. २०६१ आला तर निदान पक्कं.

उपाय दोन आहेत. पहिला, ‘गेट सोर्स पब्लिक की’ १ करणं. त्याने पासवर्ड आरएसए किल्लीने झाकून जातो, पण डेटा तसाच उघडा राहतो, आणि ती किल्ली खऱ्या सोर्सचीच आहे याची शहानिशाही होत नाही. अडल्या रात्री ठीक, कायमचा उपाय म्हणून नको. दुसरा आणि योग्य उपाय म्हणजे रेप्लिकेशनच्या जोडणीतच टीएलएस लावणं. सोर्सच्या डेटा फोल्डरमधली सीए (सर्टिफिकेटांवर सही करणारी) सर्टिफिकेटची फाइल रेप्लिकेवर न्या. फक्त सर्टिफिकेट न्यायचं. त्याच फोल्डरमधली सीएची खासगी किल्ली सोर्सबाहेर जाता कामा नये. मग रेप्लिका थांबवा, ‘चेंज रेप्लिकेशन सोर्स टू’मध्ये ‘सोर्स एसएसएल’ १ आणि ‘सोर्स एसएसएल सीए’ला त्या फाइलचा मार्ग द्या, आणि पुन्हा सुरू करा. या आज्ञेत होस्ट किंवा पोर्ट पुन्हा लिहू नका. तेच मूल्य असलं तरी मायएसक्यूएल सोर्स बदलला असं समजतो आणि जुन्या पद्धतीच्या मांडणीत, म्हणजे जीटीआयडी (प्रत्येक व्यवहाराला दिलेला स्वतंत्र क्रमांक) नसताना, लॉगमधली जागा विसरतो.

जोडणी टीएलएसवर नीट चालू झाली की मगच सोर्सवर त्या खात्याला ‘रिक्वायर एसएसएल’ लावा, म्हणजे पुढे कुणी सेटिंग बदललं तरी साध्या जोडणीने आत येता येणार नाही. खात्याला अधिकार फक्त ‘रेप्लिकेशन स्लेव्ह’चा, आणि होस्टच्या जागी टनेलमधला रेप्लिकेचा पत्ता. तिथे टक्क्याचं चिन्ह, म्हणजे ‘कुठूनही चालेल’, नको. आधी ब्रॉडबँडचा सार्वजनिक पत्ता लिहून ठेवला असेल तर तो बदलल्यावर १०४५ किंवा ११३० येतो. टनेलचा पत्ता बदलत नाही. रेप्लिकेशनच्या पासवर्डला ३२ अक्षरांची मर्यादा आहे, पासवर्ड मॅनेजरने लांबलचक दिला तर चेंजची आज्ञाच नापास होते.

जुना ‘नेटिव्ह पासवर्ड’ प्लगिन लावून मोकळं होण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तो घेऊ नका. ८.४ मध्ये तो मुळात बंद असतो आणि ९.० मधून काढूनच टाकला आहे.

सर्टिफिकेट

मायएसक्यूएलने स्वतः तयार केलेली सर्टिफिकेटं १० वर्षं चालतात, पण त्यांत सर्व्हरचं नाव नसतं. म्हणून ‘व्हेरिफाय सर्व्हर सर्ट’ लावलं की जोडणी नाकारली जाते. वायरगार्डमध्ये समोरच्या टोकाची ओळख किल्लीने आधीच पटलेली असते, तेव्हा या मांडणीत सीएची तपासणी पुरते असं माझं मत आहे. टनेल नसेल तर मात्र स्वतःची सीए करून, नाव घातलेलं सर्टिफिकेट वापरणं आवश्यक. मुदतीचं सर्टिफिकेट वापरत असाल, तर फाइल बदलूनही चालू सर्व्हर जुनंच धरून बसतो. ‘ऑल्टर इन्स्टन्स रीलोड टीएलएस’ चालवावं लागतं.

१२३६, १०६२ आणि १०३२

इथून पुढे काम महाग होतं.

१२३६ चे दोन प्रकार आहेत, संदेश वाचून ओळखा. एकात म्हटलेलं असतं की हवी ती लॉग फाइल सोर्सवर सापडली नाही. रेप्लिका इतके दिवस बंद होती की तिला हव्या असलेल्या नोंदी सोर्सने मुदत संपल्यावर काढून टाकल्या. ८.० मध्ये ही मुदत मुळात २५,९२,००० सेकंद म्हणजे ३० दिवस असते, पण जागा वाचवायला ती बऱ्याच ठिकाणी दोन-तीन दिवसांवर आणलेली दिसते. दिवाळीच्या सुट्टीत वीज गेली तर दोन-तीन दिवस पुरणार नाहीत. किमान १५ दिवस ठेवा.

दुसऱ्यात म्हटलेलं असतं की मागितलेली जागा फाइलच्या आकाराच्याही पुढची आहे. म्हणजे वीज जाताना सोर्सच्या शेवटच्या काही नोंदी डिस्कवर उतरल्याच नाहीत, पण रेप्लिकेवर पोचल्या होत्या. सोर्सवर ‘सिंक बिनलॉग’ आणि ‘इनोडीबी फ्लश लॉग अ‍ॅट टीआरएक्स कमिट’ दोन्ही १ असतील तर हे सहसा घडत नाही. वेग मिळावा म्हणून ती बदललेली असतील तर परत १ करा. पैशाच्या नोंदी असलेल्या ठिकाणी तो वेग नको.

दोन्ही प्रकारांत रेप्लिका नव्याने उभी करणं हाच खात्रीचा मार्ग. त्यासाठी ८.०.१७ पासून सगळा डेटा थेट उचलून आणणारा क्लोन प्लगिन आहे. डेटा लहान असेल तर ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ लावून काढलेला मायएसक्यूएलडंप, म्हणजे सगळ्या डेटाची एका फाइलमधली प्रत, हीही चालते. दुसऱ्या प्रकारात जुनी रेप्लिका पुसण्याआधी तिची प्रत काढून ठेवा, कारण सोर्सवरून गेलेल्या त्या शेवटच्या पावत्या फक्त तिच्याकडे आहेत.

१०६२ म्हणजे तीच नोंद आधीच आहे, १०३२ म्हणजे बदलायची नोंद सापडत नाही. बहुतेक वेळा कुणीतरी रेप्लिकेवर थेट लिहिलेलं असतं. ‘सुपर रीड ओन्ली’ लावून ते बंद करा. ती एक घटना ओलांडून पुढे जायचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने थ्रेड चालू होतो, पण दोन्हीकडचा डेटा कायमचा वेगळा होतो आणि तो फरक कुठे आहे हे नंतर कुणाला सांगता येत नाही. ओलांडू नका.

थांबायचं कधी

सोर्सवरचा मायएसक्यूएल स्वतःच उठत नसेल, किंवा लॉगमध्ये इनोडीबीचं (टेबलं डिस्कवर साठवणाऱ्या इंजिनाचं) पान खराब झाल्याचा उल्लेख असेल, तर तिथेच थांबा. ‘फोर्स रिकव्हरी’चे आकडे वाढवत बसू नका, ४ आणि त्यापुढचे आकडे डेटा कायमचा बिघडवू शकतात. जाणकाराला बोलवा.

दुसऱ्या प्रकारचा १२३६ आला आणि टेबलांत लोकांच्या ठेवी किंवा रुग्णांचे अहवाल असतील, तर दोन्हीकडचा फरक जुळवायला डेटाबेसचा माणूस आणि तुमचा हिशोबनीस एकत्र बसले पाहिजेत. एकट्याने करायचं काम नाही ते.

३३०६ उघडा सापडला आणि जोडीला अनोळखी खाती, गायब टेबलं किंवा खंडणीचा मजकूर असलेलं टेबल दिसलं, तर तो बिघाड नाही, घुसखोरी आहे. मशीन नेटवर्कवरून तोडा, काहीही पुसू नका. सर्ट-इनला ६ तासांच्या आत कळवायचं असतं.

आणि दमलेला माणूस रात्री उशिरा दोन टर्मिनल उघडी ठेवून काम करत असेल तर त्यानेही थांबावं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसची अडलेली रेप्लिका दुरुस्त करताना एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरचं डेटा फोल्डर पुसलं. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले. रोजचा डंप चुकीच्या आवृत्तीच्या साधनामुळे कित्येक दिवस निघतच नव्हता, आणि तो निघत नसल्याचे ईमेलही पोचत नव्हते. सुमारे ६ तास आधी घेतलेला स्नॅपशॉट हाताशी होता म्हणून बाकीचं वाचलं. त्यांनी हे सगळं स्वतः जाहीर केलं, म्हणून आज आपल्याला ते माहीत आहे. दोन्ही सर्व्हरच्या प्रॉम्प्टला वेगळे रंग आणि ठळक नावं द्या, सोर्सला लाल.

रेप्लिका चालू आहे म्हणून रोजचा डंप बंद करू नका. सोर्सवर चुकून टेबल उडवलं तर ते रेप्लिकेवरूनही क्षणात उडतं. जागा असेल तर ‘सोर्स डिले’ ३६०० ठेवून तासभर मागे चालणारी दुसरी रेप्लिका लावा. डंप महिन्यातून एकदा कोऱ्या मशीनवर उतरवून शेवटची पावती बघा.

जाणकाराला बोलवताना एवढं हाताशी ठेवा: स्टेटसचं पूर्ण उत्तर, दोन्हीकडच्या एरर लॉगचे शेवटचे काही तास, मायएसक्यूएलच्या दोन्ही आवृत्त्या, वीज कधी गेली आणि कधी आली, आणि त्यानंतर कुणी कुठली आज्ञा चालवली त्याची क्रमवार यादी. पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. त्याच्यासाठी वेगळं खातं उघडा आणि काम झालं की त्याच दिवशी बंद करा.